फुकट वाचलेलं मासिक पुन्हा विकत कोण घेईल?

नमस्कार मंडळी! जे मासिक तुम्ही वर्षभर ऑनलाइन फुकट वाचलंय, तेच कुणी जाडजूड पुस्तक करून विकायला काढलं, तर पैसे मोजाल? बहुतेक जण नाहीच म्हणतील. पण २०१२ मध्ये अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजातल्या मुलींनी मोजले. पाठोपाठ अशी आणखी तीन पुस्तकं आली. त्या मासिकाचं नाव ‘रूकी’.

आधी त्याच्या संपादिकेची ओळख करून घेऊ. टॅवी गेविन्सन, शिकागोजवळच्या ओक पार्कची. २००८ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, तिनं ‘स्टाइल रूकी’ हा फॅशन ब्लॉग सुरू केला. भन्नाट कपडे एकावर एक चढवून फोटो काढायचे आणि जपानी डिझायनर रेई कावाकुबोबद्दल भरभरून लिहायचं, असा सगळा प्रकार.

[स्क्रीनवर: डिओर, पॅरिस, जानेवारी २०१०]

दोन वर्षांच्या आत ही पोरगी पॅरिसला डिओर या बड्या फ्रेंच फॅशन कंपनीच्या शोमध्ये हजर! वय तेरा, डोक्यावर फितीचा भलामोठा बो. मागे बसलेल्या एका संपादिकेला त्या बोमुळे रॅम्प दिसेना. तिनं सरळ बोचाच फोटो काढून ट्विटरवर टाकला. फॅशनच्या दुनियेत वर्षानुवर्षं घासलेल्या मंडळींना ही मुलगी का खुपत होती, हे सांगायला तो एक फोटो पुरेसा आहे.

सप्टेंबर २०११ मध्ये टॅवीनं ‘रूकी’ काढलं. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. आणि इथे नीट लक्ष द्या, कारण माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. बाकीच्या वेबसाइट्स दर तासाला काहीतरी टाकत होत्या, क्लिक मिळाले पाहिजेत ना! ‘रूकी’वर दिवसाला साधारण तीनच गोष्टी यायच्या: शाळा सुटल्यावर एक, जेवणाच्या वेळेला एक, झोपायच्या आधी एक. दर महिन्याला एक विषय, सुरुवातीला संपादकीय, आणि त्या विषयाभोवती लेख, फोटो, मुलींच्या डायऱ्या. पेट्रा कॉलिन्स तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची. ती सुरुवातीपासून यांच्यासाठी फोटो काढत होती. म्हणजे मासिक होतं पडद्यावर, पण त्याची शिस्त पहिल्या दिवसापासून छापील अंकाची होती. त्यामुळे कागदावर येताना मोडतोड फारशी करावी लागली नाही, निवड मात्र करावी लागली.

वर्षभरात ‘रूकी इयरबुक वन’ आलं. अमेरिकेत शाळेचं वर्ष संपताना फोटोंचं पुस्तक निघतं, त्यावर मित्रमैत्रिणी सह्या करतात, निरोप लिहितात. आपल्याकडे दहावीच्या निरोप समारंभाला स्लॅम बुक फिरतं ना, साधारण तसं. प्रकाशक कोण? माँट्रियलचं ‘ड्रॉन अँड क्वार्टरली’, म्हणजे चक्क कॉमिक्सवाले! मला ही निवड फार हुशारीची वाटते. कोलाज, हाताने लिहिलेली अक्षरं, प्रत्येक पानाची वेगळी मांडणी हे कॉमिक्स छापणाऱ्यांच्या हातातलं काम. शिवाय मासिकासारखं दर महिन्याला छापा, स्टॉलवर पाठवा, न खपलेले गठ्ठे परत घ्या, ही कटकटच नाही. वर्षातून एक पुस्तक, तेही पुस्तकांच्या दुकानात.

आता हे पुस्तक उघडूया. आत स्टिकर्स आहेत. डोक्यावर घालायचा कागदी मुकुट आहे. आणि एक फ्लेक्सी डिस्क आहे, म्हणजे प्लॅस्टिकची पातळ, वाकणारी तबकडी. ती काढायची, रेकॉर्ड प्लेअरवर ठेवायची आणि गाणी ऐकायची. मजकूर बराचसा साइटवर वाचून झालेला होता, पण मुकुट काही स्क्रीनवरून कापून घेता येत नाही!

त्याच २०१२ मध्ये ‘हायपबीस्ट’नंही छापील मासिक काढलं. हे २००५ मध्ये व्हँकुव्हरला केविन मा या विद्यार्थ्यानं सुरू केलेलं स्नीकर्सचं ब्लॉग. त्यांचा रस्ता निराळा: सोबत ऑनलाइन दुकान, आणि २०१६ मध्ये थेट हाँगकाँगच्या शेअर बाजारात नोंदणी.

‘रूकी’ त्या वाटेला गेलं नाही. तिसऱ्या पुस्तकापासून प्रकाशक बदलला, पेंग्विनची एक शाखा आली. २०१५ मध्ये चौथं आलं आणि इयरबुक तिथेच थांबलं. साइट चालू राहिली. पण लेखिका, चित्रकार, संपादक यांना वर्षभर पैसे द्यायचे म्हणजे वर्षातून एकदा येणारं पुस्तक कुठे पुरणार? खर्चाची भिस्त जाहिरातींवर, आणि ऑनलाइन जाहिरातींचा बराचसा पैसा तोवर गूगल-फेसबुककडे वळलेला.

नोव्हेंबर २०१८ मध्ये टॅवीनं वाचकांना लांबलचक पत्र लिहिलं आणि मासिक बंद केलं. हे आर्थिकदृष्ट्या आता परवडत नाही, असं तिनं स्पष्ट म्हटलं. गुंतवणूकदार आणणं, दुसऱ्या कंपनीला विकणं, वाचकांकडून पैसे मागणं हे सगळे पर्याय तिनं पत्रात उघडपणे मांडले होते, आणि तरीही बंद करायचं ठरवलं. मला विचाराल, तर वाचकांकडे वर्गणी मागून एकदा बघायला हवं होतं. चार-चार पुस्तकं विकत घेणाऱ्या मुली होत्या त्या!

तुम्ही काय केलं असतं, खाली लिहा. आणि ‘हायपबीस्ट’चा हिशेब सविस्तर हवा असेल तर तेही सांगा, पुढचा व्हिडिओ त्यावर करू.