शाळेला अंगणात नेणाऱ्या ताराबाई

नमस्कार मंडळी,

ताराबाई मोडक म्हणजे बालवाडी, एवढं आपल्याला ठाऊक असतं. त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती या शिक्षणसंस्थेत बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर राबल्या, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, पुढे दादरचं शिशुविहार आलं. पण त्यांचं सगळ्यात मोठं काम त्यानंतरचं, पन्नाशी उलटल्यावरचं.

१९४५ साली त्यांनी डहाणूजवळच्या बोर्डी गावात बालवाडी काढली. पुढे त्यांच्या कायमच्या सहकारी झालेल्या अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. पण आदिवासी पाड्यांवरची मुलं येईनात. ताराबाईंनी आईबापांना दोष दिला नाही, त्या मुलांचा दिवस बघितला. एवढ्याएवढ्या मुलींच्या कडेवर धाकटं भावंड, मुलगे गुरांमागे. मग बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात भरू लागली. आधी हातपाय धुणं, नखं काढणं, केस विंचरणं, मग गाणी, गोष्टी, खेळ. १९५७ मध्ये हे काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. धाकटं पाळण्यात, म्हणून थोरली वर्गात! गुराख्यांसाठी तर कुरणावरच शाळा. सरकारी अंगणवाड्या १९७५ मध्ये सुरू झाल्या, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

मारिया माँटेसरी या इटालियन शिक्षणतज्ज्ञ बाईंच्या पद्धतीचं महागडं शैक्षणिक साहित्य पाड्यावर परवडणारं नव्हतं. म्हणून शिंपले, खडे, बिया, पानं आली. आपल्या मंडळाच्या बालवर्गातही हे सहज जमेल. एकसारखे सहा डबे घ्या. दोनांत वाळू, दोनांत तांदूळ, दोनांत हरभरे, प्रत्येकी दोन चमचे. झाकणं चिकटवून टाका. मुलाने हलवून, ऐकून जोड्या लावायच्या. जोडीतल्या डब्यांत माप सारखंच हवं, नाहीतर आवाज जुळत नाही आणि मूल गोंधळतं. डबे रंगीबेरंगी नकोत. मग ते कानांऐवजी डोळ्यांनी जोडी लावतं. प्रत्येक जोडीच्या दोन्ही डब्यांच्या तळाला एकसारखी खूण करून ठेवा, म्हणजे चूक त्याची त्यालाच कळते, बाईंनी सांगावं लागत नाही. आपण मोठी माणसं घाई करून मध्ये बोलतो आणि तिथेच खेळ मोडतो.

तीन वर्षांखालच्यांना सुट्ट्या बिया देऊ नका, घशात अडकतात. गुंजा तर कुणालाच नकोत, त्या विषारी असतात.