कर्वेनगरातली सुईण

[दृश्य: स्वयंपाकघर. आजी अळीव निवडताहेत.]

पुण्यात कर्वेनगरातल्या एका सुनेनं पहिलं बाळंतपण दवाखान्यात नाही, घरीच सुईणीच्या हातून करायचं ठरवलं. या घरात त्याला सगळ्यात ठणकावून नाही म्हणाल्या त्या आजेसासूबाई. मूळच्या भोरकडच्या, वय ऐंशीच्या पुढे. त्यांची सगळी बाळंतपणं घरीच झाली, गावच्या सुईणीच्या हातून. त्यातलं एक मूल आडवं आलं आणि गेलं. नातसुनेला त्यांनी सरळ विचारलं, "आम्हाला दवाखाना नव्हता म्हणून आम्ही घरी. तुझ्या दाराशी दवाखाना आहे, मग हे कसले डोहाळे?"

प्रश्न बिनतोड आहे. बाळंतपण घराबाहेर आणायला पुण्यानं किती खस्ता खाल्ल्या आहेत! आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि दहा दिवसांत त्यांचं मूल दगावलं. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या, तेव्हा प्रबंधाला त्यांनी विषय घेतला तो प्रसूतिशास्त्राचाच. पुढच्याच वर्षी त्या पुण्यात वारल्या. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी इथं सेवासदन काढलं, आणि तिथल्या बायका ससून या सरकारी रुग्णालयात नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या. आज महाराष्ट्रात शंभरातली जवळजवळ ९५ बाळंतपणं दवाखान्यात होतात.

मग ही शिकलीसवरली, धडधाकट पहिलटकरीण उलट्या वाटेनं का निघाली?

जावेचं बाळंतपण तिनं जवळून पाहिलं होतं. कळा नुकत्या सुरू झालेल्या, तोवर सलाईन लागलं, उताणं झोपवलं, खायला-प्यायला बंद. संध्याकाळी 'प्रोग्रेस नाही' म्हणून सिझर. सिझर गरजेचं नव्हतं, असं ही म्हणत नाही. पण दिवसभरात जावेजवळ सलग अर्धा तास कुणी बसलं नाही, हे ती विसरू शकत नाही.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी दवाखान्यांत सिझरचं प्रमाण ४७ टक्के निघालं, सरकारी दवाखान्यांत १४. वास्तविक अवघड केसेस खासगीतून ससूनला पाठवल्या जातात, हे पुण्यात कुणालाही माहीत आहे. अर्थात काही सिझर बायकाच मागून घेतात, कुणी कळांच्या धास्तीनं, कुणी मुहूर्त गाठायला. दोष एकट्या डॉक्टरांच्या माथी मारणं सोपं आहे, म्हणून आम्ही ते करणार नाही.

[दृश्य: ताई बॅग उघडतात.]

या सुईण ताई. नर्सिंग शिकलेल्या, नंतर प्रसूतीचं वेगळं प्रशिक्षण घेतलेल्या. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये अशा नर्सेससाठी अठरा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला, पण आपल्याकडे त्या अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. पहिल्या भेटीत त्यांनी आधी नकार कुठे देणार ते सांगितलं. बाळ पायाळू असेल, जुळं असेल, आधीचं सिझर असेल, रक्तदाब चढलेला असेल, वार, म्हणजे बाळाला पोसणारा गर्भाशयातला गोळा, खाली असेल, किंवा ३७ आठवडे भरायच्या आत कळा आल्या, तर घरी नाही म्हणजे नाही. सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या डॉक्टरांकडेच. मध्येच काही बिनसलं तर दाखल करून घ्यायला राजी असलेल्या एक डॉक्टरीणबाई शोधून ठेवलेल्या. त्यांच्या दवाखान्यापर्यंत नवऱ्यानं रात्री एकदा आणि भर गर्दीत एकदा गाडी चालवून पाहिली. गणपतीत रस्ते बंद असताना तारीख आली असती, तर ताईंनी हे घर घेतलंच नसतं.

बॅगेत काय आहे बघा. रक्तदाबाचं यंत्र. बाळाचे ठोके ऐकायचा हातातला डॉप्लर. नाळेचे क्लॅम्प. बाळानं श्वास घेतला नाही तर हातानं दाबून श्वास द्यायची अंबू बॅग आणि छोटासा मास्क. आणि बर्फाच्या डब्यात ऑक्सिटोसिन, रक्तस्राव रोखणारं. आजींनी डब्यात वाकून पाहिलं. म्हणाल्या, "आमच्या सुईणीकडे ब्लेड आणि दोरा."

[दृश्य: रात्र. पॅसेजमध्ये फेऱ्या.]

रात्रभर बरंचसं 'काही घडत नाही'. ती चालते, भिंतीला टेकते, कळ आली की नवऱ्याच्या गळ्यात हात टाकून लोंबकळते. तिची आई कंबरेवर गरम पाण्याची पिशवी धरते. मध्येच ती दोन खजूर खाते, पेज पिते. ताई दर पंधरा मिनिटांनी डॉप्लर लावतात, ठोके वहीत टिपतात. ११० ते १६० मध्ये असले की मान हलवतात, पुन्हा खुर्चीत बसतात.

हे बसणंच त्यांचं काम. गर्भाशयाचं तोंड तासाला एक सेंटीमीटर उघडलंच पाहिजे, हा जुना हिशेब प्रत्येक बाईला लागू पडत नाही. पाच सेंटीमीटरच्या आधी तर घाई करूच नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१८ मध्ये सांगितलं. पण एवढा वेळ एका बाईजवळ बसायला माणूस लागतं. खाटा भरलेल्या वॉर्डात ते आणायचं कुठून?

उजाडता उजाडता ती गुडघ्यांवर येते. आता ठोके दर पाच मिनिटांनी. ती ओरडते, ताईंना शिव्याही देते. ताई म्हणतात, "दे, दे, पण श्वास सोड."

मुलगी झाली. लगेच रडली.

ताईंनी बाळंतिणीच्या मांडीत इंजेक्शन दिलं. नाळेतली धडधड थांबल्यावर ती कापली. वार पडली, ती त्यांनी स्टीलच्या परातीत उलगडली आणि बोटानं कडेकडेनं फिरत पूर्ण आली का ते पाहिलं. एखादा तुकडा आत राहिला तर रक्त थांबत नाही. कॅमेरा पाहून त्या म्हणाल्या, "हे दाखवा. लोक बाळच दाखवतात."

आजींचं मत बदललं का? छे. "नीट पार पडलं, देवाची कृपा. पुढच्या खेपेला दवाखान्यात जा," असं त्यांनी पाचवीच्या पूजेतच सुनावलं.

[दृश्य: महापालिकेचं क्षेत्रीय कार्यालय.]

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. घरचं बाळंतपण असेल तर ती घरातल्या कर्त्या माणसानं कळवायची.

"हॉस्पिटल कुठलं?" कारकुनानं मान वर न करता विचारलं.

"घरी झालं."

आता मान वर झाली. "ट्रॅफिकमध्ये अडकलात का?"

नवऱ्यानं ताईंचा कागद पुढे केला. फॉर्मवर प्रसूतीच्या वेळी कोणाची मदत होती, असा रकाना आहे. सरकारी संस्था, खासगी संस्था, आणि तिसरा पर्याय: डॉक्टर, परिचारिका किंवा प्रशिक्षित दाई. कारकुनानं तो बोटानं शोधला, टिक केली आणि पुढच्याला हाक मारली.