२७ शब्दांचं वाक्य

[दृश्य: वॉशिंग्टनचं राष्ट्रीय अभिलेखागार. काचेखालचं फिकट चर्मपत्र.]

शाई उडत चाललेलं हे चर्मपत्र १७८९ सालचं. अमेरिकेच्या संविधानात सुचवलेल्या बारा दुरुस्त्या त्यावर लिहिल्या आहेत. त्यांतली चौथी पाहा. पहिल्या दोन तेव्हा मंजूर झाल्या नाहीत, म्हणून १७९१ मध्ये हीच दुसरी दुरुस्ती ठरली. शस्त्र बाळगण्याच्या हक्काची.

'अ वेल रेग्युलेटेड मिलिशिया, बीइंग नेसेसरी टु द सिक्युरिटी ऑफ अ फ्री स्टेट, द राइट ऑफ द पीपल टु कीप अँड बेअर आर्म्स, शॅल नॉट बी इन्फ्रिंज्ड.' मराठीत साधारण असं: नागरिकांचं सुनियंत्रित सशस्त्र दल स्वतंत्र राज्याच्या सुरक्षेसाठी आवश्यक असता, शस्त्रं बाळगण्याच्या नि धारण करण्याच्या लोकांच्या हक्काचा भंग होणार नाही.

शाळेत वाक्यपृथक्करण केलेला माणूस आधी क्रियापद शोधतो. इथे ते आहे 'शॅल नॉट बी इन्फ्रिंज्ड', भंग होणार नाही. कशाचा? 'द राइट', हक्काचा. हा भाग एकट्यानं उभा राहतो. हा मेन क्लॉज, प्रधान वाक्य.

आता सुरुवातीचे १३ शब्द. मिलिशिया म्हणजे नागरिकांचं सशस्त्र दल. पण तिथे 'इज' नाही, 'बीइंग' आहे. काळ दाखवणारं क्रियापदच नाही! जुन्या शालेय व्याकरणाच्या हिशेबानं हा क्लॉज नव्हेच, नुसती फ्रेज. आणि एवढं गाजलेलं वाक्य चक्क केवल वाक्य, सिम्पल सेंटेन्स. आधुनिक व्याकरणकार अशा रचनेलाही क्लॉज म्हणतात, नॉन-फायनाइट क्लॉज. परीक्षा देणाऱ्यांनी आपलं पुस्तक काय म्हणतं ते पाहावं.

खरी अडचण वेगळीच आहे. दोन भाग जोडणारं उभयान्वयी अव्यय इथे नाही. 'बिकॉज' नाही, 'इफ' नाही. नातं वाचणाऱ्यानं लावायचं.

[दृश्य: सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्या.]

डिक हेलर हा वॉशिंग्टनमधला सुरक्षारक्षक. ड्युटीवर त्याच्याकडे पिस्तूल असे. घरी मात्र शहराच्या १९७६ च्या कायद्यामुळे ठेवता येत नसे. त्याचा खटला २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आला.

बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया म्हणाले, आरंभी 'बिकॉज' लावून हे वाक्य वाचता येईल. म्हणजे झालं मिश्र वाक्य. हेलरच्या विरुद्ध, शहराच्या बाजूनं न्यायालयापुढे म्हणणं मांडणारे भाषेचे प्राध्यापकही हेच सांगत होते: पहिला भाग कारण देतो. इथवर एकमत. फाटा फुटला तो पुढे. प्राध्यापकांच्या मते कारण मिलिशियाचं, तर हक्कही तिच्याशीच बांधलेला. स्कालियांच्या मते कारणातून हेतू कळतो, हक्काला कुंपण पडत नाही.

'पाऊस आहे म्हणून छत्री ने,' असं आई म्हणते. त्या छत्रीचा आडोसा उन्हात घ्यायचा की नाही, हे त्या वाक्यात नाही. निकाल पाच विरुद्ध चार असा लागला. हेलर जिंकला.

स्वल्पविरामांवरूनही वाद झाला. या चर्मपत्रावर तीन आहेत, काही राज्यांच्या प्रतींत एकच. अठराव्या शतकात स्वल्पविराम सैल हातानं पडत. त्यांवर हक्क तोलणं जरा अतीच वाटतं.

त्यापेक्षा या दुरुस्त्या मांडणारे जेम्स मॅडिसन यांचा जून १७८९ चा मसुदा बोलका आहे. तिथे हक्क आधी येतो, मिलिशिया मागून. आणि शेवटी 'बट'नं जोडलेलं आणखी एक प्रधान वाक्य: धर्मश्रद्धेमुळे शस्त्र न धरणाऱ्यावर सैनिकी सेवेची सक्ती नको. हा शेपटाचा भाग काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, गळला. अल्पमतातले न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी नेमकं त्यावर बोट ठेवलं: विषय सैन्याचाच होता.

निवृत्तीनंतर, २०१४ मध्ये, स्टीव्हन्स यांनी उपाय सुचवला. 'आर्म्स'नंतर पाच शब्द घाला: 'व्हेन सर्व्हिंग इन द मिलिशिया'. मिलिशियात सेवा बजावताना. काळ दाखवणारं क्रियापद याही पाच शब्दांत नाही. पण 'व्हेन' आहे.