ध्यानाचा पांगुळगाडा

मंडळी, सभागृहात शिरतानाच एका जुन्या स्नेह्यांनी मला दारात गाठलं. म्हणाले, "दिवसभर जो फोन आमचं चित्त पळवतो, त्याच्याकडूनच ध्यान शिकायचं? चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या झाल्या की हो!" त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. तरीही गेली चार वर्षं मी याच चोराकडे, म्हणजे फोनवरच्या ध्यानाच्या अ‍ॅपकडे, शिकवणी लावली आहे.

यंत्रातल्या आवाजाने कुठे ध्यान होतं का, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण इगतपुरीला धम्मगिरी केंद्रात १९७६पासून विपश्यना या ध्यानपद्धतीची दहा दिवसांची शिबिरं होतात. तिथे ऐकू येणाऱ्या सूचना विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोएंका यांच्या ध्वनिमुद्रित आवाजातल्या असतात. गोएंका २०१३मध्ये गेले, पण तो आवाज आजही साधकांना श्वासाकडे बघायला सांगतो. फोन मात्र तिथे आल्या आल्या जमा करून घेतात! आणि पहिले साडेतीन दिवस नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा, बाकी काही नाही. आपण घरी दहा मिनिटं बसतो आणि "काही अनुभव आला नाही बुवा" म्हणून कुरकुरतो.

नुसतं बसणं अवघडच असतं. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातल्या एकात माणसांना रिकाम्या खोलीत १५ मिनिटं एकटं बसवलं. हाताशी एक बटण, दाबलं की विजेचा झटका. हा झटका टाळायला वेळप्रसंगी पैसे देऊ, असं आधी म्हणालेली ही माणसं. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी ते बटण दाबलं. उजवीकडच्या भगिनींनी एवढं हसायचं कारण नाही, सहा जणी तुमच्यातल्याही आहेत.

म्हणून सुरुवातीला कानाशी कुणीतरी बोलणारं हवं. ध्यान शिकवणाऱ्या 'हेडस्पेस' अ‍ॅपमधला मूळचा आवाज अँडी पुडिकोम्ब यांचा. हा गृहस्थ आधी बौद्ध भिक्खू होता, मग त्याने सर्कशीचं शिक्षण घेतलं. तोल सांभाळणं दोन्हीकडे आलंच म्हणा. आवाज कुणाचाही असो, त्याचं काम एकच. तुम्ही मनातल्या मनात दूधवाल्याचा हिशेब करत असता, तो हळूच तुम्हाला श्वासापाशी आणून सोडतो. लहान मुलाचा पांगुळगाडा असतो ना, तसं. पण पोर चाललं की गाडा माळ्यावर जातो, आणि इथे गाडा विकणाऱ्याला वर्षाची वर्गणी हवी असते. म्हणून तो तुमचे सलग दिवस मोजतो, बक्षिसाची चित्रं दाखवतो, चुकलात की आठवण काढतो.

माझे सलग ४१ दिवस झाले होते. बेचाळिसाव्या दिवशी भाचीचं लग्न, बसणं राहून गेलं आणि आकडा शून्यावर आला. मला इतका राग आला की पुढचे दोन महिने मी ते अ‍ॅप उघडलंच नाही. साठी उलटलेला माणूस, पण रुसलो! नंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला एक अभ्यास वाचनात आला. ९६ जणांनी रोजची एखादी छोटी गोष्ट धरली होती, तीही ठरावीक प्रसंगाला जोडून, समजा न्याहारीनंतर. सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ कुणाचा १८ दिवस, तर कुणाचा थेट २५४ दिवस निघाला. मधला आकडा ६६. आणि एखादा दिवस चुकल्याने सवयीचं फारसं बिघडत नव्हतं. म्हणजे माझा शून्य फक्त पडद्यावर होता. ती मोजणी मी बंद करून टाकली.

आता माझा प्रसंग म्हणजे सकाळचा चहा. कप विसळून पालथा घातला की खुर्चीत बसायचं. मांडी घालायचा हट्ट नाही, गुडघे माझे आहेत. दहा मिनिटांचं सत्र रात्रीच डाउनलोड करून ठेवतो आणि बसताना फोन फ्लाइट मोडवर टाकतो. नाहीतर श्वास आत जातो न जातो तोच सोसायटीच्या ग्रुपवर येतं, 'आज पाणी उशिरा'.

तिसऱ्या महिन्यापासून रविवारी आवाज बंद केला, फक्त शेवटी घंटा. पहिल्या रविवारी वाटलं, घंटा बिघडली. डोळे उघडून पाहिलं तर चार मिनिटं झाली होती. हल्ली आठवड्यातले चार दिवस आवाजाशिवाय बसतो. तीन दिवस अजून गाडा लागतो. डोळे मिटल्यावर कुणाला जीव घाबरा झाल्यासारखं वाटलं, तर मात्र रेटू नका. थांबा आणि डॉक्टरांशी बोला.

ही चिठ्ठी आली आहे, "ध्यानात झोप लागते, काय करावं?" जेवणानंतर बसत असाल तर जेवणाआधी बसून बघा. पाठ टेकू नका, डोळे अर्धवट उघडे ठेवा. तरीही लागली, तर रात्री किती वाजता झोपता ते मला चहाच्या वेळी सांगा.