निधी वरून येत नाही, तो ग्रामपंचायतीतच असतो

नमस्कार, श्रोतेहो.

“दिव्यांगांचा निधी अजून वरून आला नाही, आला की कळवू.” महाराष्ट्रातल्या अनेक ग्रामपंचायतींत हे उत्तर मिळतं आणि सोबत गेलेला कार्यकर्ताही मुकाट्याने परत फिरतो. हे उत्तर चुकीचं आहे. दिव्यांगांवर खर्च करायचे 5 टक्के ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले असतात. घरपट्टी, बाजार फी, गाळेभाडं यांतून जमलेले. वरून काही यायचंच नसतं.

म्हणून तोंडी विचारू नका. माहिती अधिकारात तीनच प्रश्न विचारा: गेल्या आर्थिक वर्षाचं स्वउत्पन्न किती, त्याचे 5 टक्के किती, आणि ते कशावर खर्च झाले. अर्ज एकाच विषयाचा, 150 शब्दांच्या आत हवा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. प्रकरणं हातची जातात ती इथेच, कारण अर्ज कधी दिला याचा पुरावाच जवळ नसतो. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयाबाहेर पडू नका.

आकडे मिळूनही खर्च होत नसेल, तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. “अन्याय झाला” एवढ्याने भागत नाही. मिळालेले आकडे आणि पोच जोडा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रं मागवण्याचे अधिकार दिले आहेत. त्यांच्या शिफारशीवर कार्यालयाने तीन महिन्यांत कारवाई करायची, नाहीतर नकाराची कारणं कळवायची.

वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं. दिव्यांगांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फोन 15100.

आणि मदतनीसांनो, सगळ्यात जपायची गोष्ट ही: या निधीतून काय हवं याचा अर्ज ज्याचा, मागणी त्याचीच. कर्णबधिर बाईऐवजी घरचे बोलू लागले की तिला हवी असलेली शिलाई मशीन अर्जातून गळते. सांकेतिक भाषेचा दुभाषी आणा. गावात नसेल तर व्हिडिओ कॉलवर घ्या. बौद्धिक दिव्यांगत्व असेल तर छोटी वाक्यं, चित्रं वापरा आणि विचाराला एखादा दिवस द्या. घाई केली की माणूस नुसता “हो” म्हणतो. अर्ज मोठ्याने वाचून दाखवा, मगच सही किंवा अंगठा घ्या. अंदाजपत्रक ठरण्याआधीच्या ग्रामसभेत ती मागणी मांडा आणि इतिवृत्तात लिहिली गेली का, तिथेच वाचून घ्या.