या आठवड्यात पाटी आपल्याकडे

[दृश्य: इमारतीचा जिना. दुसऱ्या मजल्यावरच्या दाराला दोरीने अडकवलेली छोटी पाटी.]

जर्मनीतलं स्टुटगार्ट. पाटीवर लिहिलंय 'केअरवोखे'. म्हणजे या आठवड्यात जिना झाडायची-पुसायची पाळी या घराची. पाळी संपली की पाटी शेजारच्या दारावर जाते. शहराने हा नियम १९८८ मध्ये सक्तीच्या यादीतून काढला, पण भाडेकरारांतून तो गेलेला नाही, आणि शेजाऱ्यांच्या नजरेतून तर मुळीच नाही.

दारामागचं बिऱ्हाड पुण्याचं. नवरा, बायको आणि पहिलीतली मुलगी. चाकणला मर्सिडीजचा कारखाना, नाशिकला बॉशचा. दोन्ही कंपन्यांचं मूळ याच परिसरातलं. त्यामुळे पुण्या-नाशिकच्या इंजिनिअरांना हा रस्ता ओळखीचा आहे. मुंबई आणि स्टुटगार्ट तर १९६८ पासून भगिनी शहरं.

नवऱ्याचं ऑफिस इंग्रजीत चालतं. अडलं-नडलं तर विचारायला तिथे माणसं आहेत. घर मांडायचं काम आलं बायकोच्या वाट्याला. पुण्यात ती बँकेत होती. परदेशी स्थायिक होण्याच्या गोष्टी सहसा नोकरी मिळालेल्या माणसाच्या तोंडून ऐकायला मिळतात. आमचा कॅमेरा तिच्या मागे आहे.

[दृश्य: जेवणाच्या टेबलावर फायली, पाकिटं, पंचिंग मशीन.]

आधी कागद. घरात राहायला आल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, घरमालकाच्या सहीचा दाखला जोडून. त्यानंतर टॅक्सचा नंबर येतो, तोही टपालाने. पण घर द्यायला मालक पगाराच्या स्लिपा मागतो, आणि नव्याने आलेल्याकडे स्लिप कुठली? मग पहिले काही महिने महागड्या, फर्निचरसकट मिळणाऱ्या जागेत काढायचे. शिवाय इथे फ्लॅटला बहुधा नंबर नसतो. टपालपेटीवर आडनाव चिकटवलं नाही, तर पत्र आल्या पावली परत.

हे घर मिळालं तेव्हा स्वयंपाकघरात ओटा नव्हता. सिंकसुद्धा नाही, भिंतीतून नुसते पाइप बाहेर आलेले. आपल्याकडे भाडेकरू जाताना पंखे काढून नेतो, इथे अख्खं स्वयंपाकघर नेतो. नवं बसेपर्यंत भांडी बाथरूममध्ये घासली गेली.

[दृश्य: जानेवारीची सकाळ. शेगडीवर कुकर. काचेवर वाफ.]

"अरे, खिडकी उघड! शिट्टी होतेय."

बाहेर उणे दोन अंश. तरी खिडकी सताड उघडायची, पाच-दहा मिनिटं, आणि पुन्हा घट्ट लावून घ्यायची. दिवसातून दोन-तीनदा. या खिडक्या इतक्या पक्क्या बसतात, की वरणाची वाफ, वाळत घातलेले कपडे, आंघोळीचा ओलावा सगळं आतच कोंडतं आणि गार भिंतीवर जाऊन बसतं. आधी कपाटामागचा कोपरा काळा पडतो. घर सोडताना त्याचे पैसे अनामतीतून कापले जाऊ शकतात, आणि अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असू शकते. म्हणून कुकर लागला की नवरा स्वेटर चढवतो. फोडणीच्या वेळी तर बेडरूमचं दार आधी लावलं जातं, कारण तिथे धूर ओळखणारी भोंग्याची डबी आहे.

मुलीचं त्या मानाने लवकर जमलं. शाळेच्या पहिल्या दिवशी इथे प्रत्येक मुलाच्या हातात पुठ्ठ्याचा भलामोठा शंकू असतो, खाऊ आणि पेन्सिलींनी भरलेला. हिचा आईने घरीच केला. चॉकलेटांच्या खाली राजगिऱ्याच्या वड्या. आता ती वर्गातल्या दोन मुलींबरोबर चालत शाळेत जाते, मोठं माणूस सोबत नसतं. आई कोपऱ्यापर्यंत बाल्कनीतून बघते. हे तिला अजून पचलेलं नाही, आणि तसं ती स्पष्ट सांगते.

तिची स्वतःची शाळा दुपारी. नवऱ्याकडे ब्लू कार्ड आहे, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदाराला मिळणारा राहण्या-कामाचा परवाना. त्यामुळे तिलाही आल्या दिवसापासून नोकरीची मुभा आहे. पण बँकेच्या काउंटरवर बसायचं तर जर्मन हवं. सरकारी कोर्समध्ये भाषेच्या ६०० तासिका असतात. मुभा आणि पगार यांच्या मध्ये त्या बसल्या आहेत. गृहपाठ तपासायला पहिलीतली लेक आहेच. ती जरा कडक आहे.

[दृश्य: शनिवार. सुपरमार्केट. बाटल्या परत घेणाऱ्या यंत्रासमोर रांग.]

उन्हाळ्यात आजी-आजोबा आले. पाहुण्यांच्या व्हिसावर जास्तीत जास्त ९० दिवस. आजीने भाजणी आणि कुकरची नवी रिंग आणली. आजोबांना पहिल्याच रविवारी दुकानं बंद दिसली, तेव्हा त्यांनी काही संप वगैरे आहे का, अशी चौकशी केली. मग त्यांना हे यंत्र सापडलं. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट परत मिळतात. तेव्हापासून घरातल्या बाटल्यांचा हिशोब त्यांच्याकडे.

आज यंत्राने एक बाटली परत टाकली. आजोबांनी पुन्हा घातली. पुन्हा बाहेर.

"बाबा, तुम्ही ती चेपलीत का? खूण वाचता येत नाही त्याला."

"अगं, आपल्याकडे बाटलीवरच लिहिलेलं असतं, वापरून झाल्यावर चिरडा म्हणून!"

मागची रांग थांबली आहे. आजोबा बाटलीत जोरात फुंकर मारून ती फुगवायच्या खटपटीत आहेत.