हजार रोलर, एक पट्टा

(दृश्य : वॅगन टिप्लर. वाघीण कलंडते. पहिले 6 सेकंद फक्त आवाज.)

मालगाडीची वाघीण पकडीत घट्ट धरायची, दीडशे अंशांच्याही पुढे फिरवायची, की साठेक टन कोळसा खालच्या जाळीवर. तासाला अशा वीसेक वाघिणी रिकाम्या होतात. एका रेकमध्ये, म्हणजे अख्ख्या मालगाडीत, 58-59 वाघिणी, म्हणजे साडेतीन ते चार हजार टन माल.

नागपूरच्या उत्तरेला कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात 660 मेगावॉटचे तीन संच आहेत, शेजारी खापरखेड्याचं केंद्र. 660 मेगावॉटचा एक संच पूर्ण भारावर चालला तर तासाला साधारण साडेचारशे टन कोळसा खातो. तीन चालले, तर आत्ता पाहिलेली अख्खी मालगाडी तीन तासांत फस्त. टिप्लरपासून बंकरपर्यंत, म्हणजे संचाजवळच्या कोळशाच्या कोठीपर्यंत, हा माल वाहतो तो रबराचा पट्टा.

(दृश्य : गॅलरीतून धावणारा पट्टा, लांबवर)

औष्णिक केंद्राच्या कोळसा विभागात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘सीएचपी’त (कोल हँडलिंग प्लँट), असा एखादा पट्टा 1400 मिलिमीटर रुंद असतो आणि सेकंदाला तीनेक मीटर धावतो. वरून सपाट रबर दिसतं, ताकद मात्र आतल्या कापडात आहे. पट्ट्यावर ‘एनएन 1000/4’ असा शिक्का असला, तर आत नायलॉनचे 4 थर आहेत आणि रुंदीच्या दर मिलिमीटरला तुटण्याची ताकद 1000 न्यूटन, असं समजायचं. कोळशासाठी आगरोधक जातीचा पट्टा घेतात. ‘आगरोधक’ याचा अर्थ जळत नाही असा नाही. ज्वाला बाजूला केली की तो स्वतःहून पेटत राहत नाही, एवढाच.

(दृश्य : कॅमेरा पट्ट्याखाली, रोलरच्या रांगा)

आता खाली बघा. वरच्या बाजूला दर मीटरला तीन रोलरांचा एक संच, कडेचे दोन 35 अंशांत उचललेले, म्हणून पट्ट्याची पन्हळ होते. परतीच्या बाजूला तीन मीटरवर एक. पट्ट्याची लांबी 300 मीटर धरली तर रोलर झाले हजार आणि बेअरिंग दोन हजार. यातला प्रत्येक रोलर मिनिटाला पावणेचारशे फेरे घेतो, कोळशाच्या धुळीत आणि मे महिन्यात 45 अंशांच्या उन्हात.

बेअरिंग झाकणाऱ्या सीलमधून धूळ शिरते, ग्रीसचा चिखल होतो, बेअरिंग अडकतं. मोटर उरलेल्या रोलरांवरून पट्टा ओढतच राहते, त्यामुळे एक रोलर थांबल्याचं कुणाला कळतही नाही. पट्टा त्या थांबलेल्या नळीवर घासत राहतो. चार-साडेचार मिलिमीटरची भिंत एकाच जागी झिजून पातळ होते, शेवटी फाटते, आणि तिथे विळ्यासारखी धार तयार होते.

(दृश्य : झिजून उघडा पडलेला रोलर, जवळून. निवेदन थांबतं.)

रोलर तसा किरकोळ किमतीचा, आणि त्याने कापलेला पट्टा लाखांचा. तरीही खरेदीत घासाघीस होते ती रोलरच्याच दरावर. सील बघून रोलर घ्यावा, हे सीएचपीतला कुठलाही फिटर सांगेल. निविदेत मात्र सीलपेक्षा दर मोठ्या अक्षरात असतो. अडकलेला रोलर शोधायला फार मोठं यंत्र लागत नाही. रात्रीच्या पाळीत, बाकी आवाज कमी असताना, गॅलरीतून चालत जायचं आणि कान द्यायचा. किरकिरणारा रोलर आठवडा-दोन आठवडे आधीच बोलायला लागतो. सोबत तापमान मोजायची बंदूक असली तर उत्तम.

(दृश्य : पट्टा बंद. जॉइंटचं काम. प्रकाशझोत.)

हा आहे जोड, पट्ट्याची दोन टोकं उष्णतेने एकजीव करणारा, म्हणजे हॉट जॉइंट. मोटरचा वीजपुरवठा तोडून कुलूप लावलेलं, पट्टा ताणून धरणारं टेक-अपचं वजन उचलून बांधलेलं, दोन्ही टोकं क्लॅम्पमध्ये. पहिलं काम मध्यरेषा काढायचं. दोन्ही टोकांवर तीन-तीन ठिकाणी मध्यबिंदू घेऊन दोरा धरतात. इथे रेषा तिरकी गेली, तर तो जोड पुढे आयुष्यभर प्रत्येक फेरीत पट्टा एका बाजूला झटकणार.

मग पायऱ्या, म्हणजे टोकाचे थर पायरीपायरीने कापणं. 4 थरांच्या पट्ट्याला 3 पायऱ्या, प्रत्येक सुमारे 300 मिलिमीटरची. काप सरळ नसतो, 22 अंशांत तिरका असतो, म्हणजे अख्खा जोड एकदम पुलीवर चढत नाही. 1400 रुंदीवर हा तिरकेपणा 565 मिलिमीटर भरतो. पायऱ्या आणि तिरकेपणा मिळून दीड मीटर पट्टा जोडात जातो. नवा पट्टा कापताना हे धरलं नाही, की शेवटी तेवढाच कमी पडतो.

(दृश्य : चाकू आणि पक्कड, थर सोलताना हात)

एक थर कापायचा, पकडीने सोलायचा आणि खालच्या थराला चाकूचा ओरखडाही लागू द्यायचा नाही. जोड सुटतात ते बहुतेक इथेच. त्या ओरखड्यावर धागे तुटतात आणि काही आठवड्यांत जोड त्याच रेषेवर उघडतो. नंतर तारेच्या ब्रशने हलकं खरवडायचं, रबराची धूळ झाडायची, चिकटवायच्या सोल्यूशनचा पहिला हात द्यायचा. तो सुकला की दुसरा. बोटाच्या मागच्या बाजूने बघतात : चिकट लागलं पाहिजे, पण बोटाला काही यायला नको. ओलं असताना टोकं बसवली तर द्रावक आत अडकतो आणि गरम झाल्यावर फुगा येतो. जुलैतल्या दमट हवेत हीच भीती, म्हणून वर ताडपत्री आणि बाजूला हॅलोजन.

टोकं एकमेकांवर बसवून मधून कडेकडे रोलर फिरवतात, हवा बाहेर काढतात, वर कव्हर रबर लावतात. मग प्रेस : खाली-वर गरम होणाऱ्या प्लेटा, आडवे बीम, बोल्ट. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 7 किलो दाब, तापमान 140 ते 145 अंश. तिथे पोहोचल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास; पट्टा जाड असेल तर जास्त. साइटवर वीजदाब कमी असला की प्लेटचा एखादा कोपरा थंड राहतो आणि तिथलं रबर कच्चं राहतं. म्हणून चारही कोपऱ्यांचं तापमान लिहून ठेवायचं. आणि पिकल्यावर घाई नको. दाब तसाच ठेवून 60-70 अंशांपर्यंत थंड होऊ द्यायचं. कंट्रोल रूममधून फोनवर फोन येतात ते नेमके याच वेळी.

एवढं करूनही 4 थरांच्या जोडात कामाचे थर 3 राहतात. जोडाची ताकद मूळ पट्ट्याच्या तीन-चतुर्थांश, आणि पट्टा निवडताना तेवढी गृहीत धरूनच हिशेब करायचा.

(दृश्य : पावसाळा. परतीच्या पट्ट्याला चिकटलेला ओला कोळसा.)

पावसाळ्यात ओला कोळसा पट्ट्याला चिकटतो, पुढच्या टोकाच्या हेड पुलीवरून सुटत नाही आणि परतीच्या वाटेवर रोलरांवर थर धरतो. रोलर एका बाजूने जाड झाला, की पट्टा सरकला. पट्टा खरवडून साफ करणाऱ्या स्क्रॅपरचं पातं रोज तपासायचं, ते इतकं का, याचं उत्तर या दृश्यात आहे. पट्टा ज्या बाजूच्या रोलरला आधी भेटतो त्या बाजूला जातो, हा इथला मूळ नियम. म्हणून जिथे पट्टा बाहेर गेला तिथला रोलर हलवायचा नाही, त्याच्या थोडं मागचा हलवायचा.

टेल एंडला, म्हणजे पट्ट्याच्या मागच्या टोकाला, सांडलेला कोळसा चालत्या पट्ट्याखाली फावडं घालून काढताना माणसं गेली आहेत. पट्टा चालूच ठेवायचा दबाव असतो, कारण तो फार वेळ बंद राहिला तर बंकर रिकामे होतात आणि संचाचा भार उतरवावा लागतो.

(दृश्य : पिवळी पुल कॉर्ड, मग संत्र्याची प्रतवारी)

वॉकवेलगतची ही दोरी कुठूनही ओढली तरी पट्टा थांबतो, आणि जागेवर जाऊन स्विच परत लावल्याशिवाय सुरू होत नाही.

हीच यंत्रणा संत्र्याच्या पॅकहाउसमध्ये बघा. ब्रश, धुणं, मेणाचा हात, गरम हवा, मग आकारानुसार वेगळी होणारी फळं. इथे पट्टा हळू चालतो. पण माल किती उंचीवरून पडतो, हा प्रश्न तोच. कोळसा उंचावरून पडला की पट्ट्याला मार, संत्रं पडलं की संत्र्याला. कोळसा खाली सोडणाऱ्या चूटखाली म्हणूनच रबरी चकत्यांचे रोलर दाटीने बसवतात.

(दृश्य : पुन्हा सीएचपी. भोंगा.)

कामासाठी दिलेलं परमिट परत आलं. भोंगा वाजतो. आधी सुरू होतो तो शेवटचा, बंकरवरचा पट्टा, मग त्याच्या मागचा, आणि पट्ट्यावर कोळसा सोडणारा फीडर सगळ्यात शेवटी. उलटं केलं तर पहिल्याच चूटमध्ये कोळशाचा डोंगर. नव्या जोडावर पांढऱ्या रंगाची खूण आहे. जाऊन-येऊन 600 मीटरचा फेरा, म्हणजे खूण साधारण साडेतीन मिनिटांनी परत दिसते. पहिले काही फेरे पट्टा रिकामा.

(दृश्य : खूण येते, जाते. पाचव्या फेरीत तिच्यावर कोळसा.)